अट घालायची राहिलेला नवस

फिगेइरा,
गुरुवार, ९ जून

प्रिय देओलिंदा मावशी,

आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. तू नुसती मावशी नाहीस, माझी बाप्तिस्म्याची धर्मआईही आहेस, त्यामुळे हा क्रम चुकला तर आई मला पत्र पोस्टात टाकू देणार नाही. आम्ही सगळे बरे आहोत. बाबा बरे, आई बरी, गाई बऱ्या, आणि गोठ्याकडची एक भिंत सोडली तर घरही बरं आहे. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे अमेरिकेत फॉल रिव्हरला आता उकडायला लागलं असेल. आमच्याकडे हायड्रेंजियाच्या कुंपणांना कळ्या आल्यात, निळ्या रंगाचा अजून पत्ता नाही.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू रडायला लागतेस आणि मी खोटं बोलायला लागते, म्हणून पत्र.

तुझं पार्सल एप्रिलअखेर पोचलं. बूट अगदी मापाचे निघाले. ‘पळायची वेळ आली तर पायात धड काहीतरी असावं,’ असं तू चिठ्ठीत लिहिलं होतंस. मी ते त्याच संध्याकाळी घातले आणि मग काढलेच नाहीत. शाळेत बूट, गोठ्यात बूट, अंथरुणातसुद्धा बूट. आईनं पलंगाच्या पायथ्याशी पिठाचं रिकामं पोतं अंथरलं, चादर मळू नये म्हणून. बाबा मात्र बोलले. ‘देओलिंदानं पोरीला बूट पाठवले की नाल ठोकली?’ म्हणाले.

खोक्यात बुटांच्या खाली तिकीट होतं, तेही मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

मार्चपासून जमीन हलते आहे हे तुला ठाऊकच आहे. बातम्यांत दाखवतात तसं मात्र नाही. दिवसदिवस काही होत नाही, आणि आता थांबलं असं वाटू लागावं तर कपाटातले कप एकमेकांना लागतात. मोठा धक्का येईल, डोंगरातला ज्वालामुखी फुटेल, की हे असंच विरून जाईल, कुणी सांगू शकत नाही. अर्धं गाव बोटीनं पलीकडच्या बेटावर नातेवाइकांकडे गेलं. बाबांना सरकारी माणसं तीनदा समजावून गेली. बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘माझ्या गाईंची तिकिटं काढा, मग माझं बघू.’

आणि मी, घरातली पहिली पदवीधर, तुझ्या मदतीनं शिकलेली, गावच्या शाळेची मास्तरीण, मी काय केलं म्हणशील तर सगळं केलं. दाराशी पिशव्या भरून ठेवल्या. मुलांना बाकाखाली शिरायला शिकवलं. मुलांना ते इतकं आवडलं की गणिताच्या तासाला रोज कुणाला ना कुणाला जमीन हलल्यासारखी वाटू लागली. घरोघर जाऊन पत्रकं वाटली. जेनोवेवा आजीनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘यात देवाचं नाव कुठं आहे गं?’ मी म्हटलं, ‘आजी, हे नागरी संरक्षणाचं आहे.’ ती म्हणाली, ‘म्हणजे तो सुट्टीवर.’

मला हसू आलं नाही तेव्हा. रागच आला होता.

आता मुख्य गोष्ट सांगते. आईनं केलेला नवस तुझ्या कानावर आला नसेल.

पहिला मोठा धक्का आला तेव्हा आम्ही जेवत होतो. टांगलेला दिवा असा झुलला की सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर पळायला लागल्या. आपल्याकडची माणसं अशा वेळी काय करतात ते तुला माहीत आहे. गावातल्या प्रत्येक घरात त्याच क्षणी नवस बोलले गेले. कुणी मेणबत्ती बोललं, कुणी गुडघ्यांवर चालत देवळाला फेरी. पण सगळे नवस नीट बेतलेले. हे वाचलं तर ते देईन, असे. जेनोवेवा आजीनं तर धुराडं, डुक्कर आणि नातवाची परीक्षा एकाच नवसात बसवली. आमची आई टेबलाची कड धरून ओरडली, ‘पवित्र आत्म्या, सातव्या रविवारचं गावजेवण मी घालीन.’

आणि थांबली. पुढे काही नाहीच.

धक्का ओसरला. बाबांनी सांडलेली वाइन पुसली आणि म्हणाले, ‘ओदेत, जमीन थांबली तर घालीन, असं म्हणालीस ना?’

‘नाही.’

‘घर वाचलं तर?’

‘नाही बेलार्मिनु. एवढंच म्हणाले. पुढचं राहिलं.’

‘अट घालायची राहिली? अगं, गाय विकतानासुद्धा मी चार अटी घालतो.’

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. ओदेतनं बिनअटीचा नवस बोलला. चीज कारखान्यात दूध घालायला आलेली माणसं बाबांना विचारायची, ‘काय, फुकटात जेवण देताय म्हणे देवाला?’ शेवटी आई फादर इवारिश्तुंकडे गेली. आता मागून एखादी लहानशी अट जोडता येईल का, असं विचारायला. फादर खूप हसले आणि म्हणाले, ‘जोडता येणार नाही, ओदेत. पण असा नवस मी पहिल्यांदाच ऐकला. मला तरी जेवायला बोलव.’

तुझ्या वेळी होतं तसंच आहे अजून. ईस्टरनंतर सात आठवडे पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट सात घरी राहतो, आणि सातव्या घरानं सगळ्या गावाला जेवू घालायचं. यंदा सातातल्या चार घरांना कुलुपं होती. म्हणून मुकुट महिनाभर आमच्याच बैठकीत राहिला, कागदी फुलांत. संध्याकाळी जपमाळेला शेजारी यायचे आणि बसण्याआधी दाराजवळच्या खुर्च्यांसाठी भांडायचे.

त्या महिन्यात मला एक गोष्ट छळत होती. आई झोपायची. मावशी, ती अशी झोपायची की सकाळी तिच्या गालावर उशीची नक्षी उमटलेली असायची. मी बूट घालून छताकडे बघत पडलेली, आणि पलीकडे आई घोरते आहे. आधी वाटलं, तिला धोका कळत नाही. मग वाटलं, ही अडाणी श्रद्धा आहे. हा शब्द मी तिच्याबद्दल मनात वापरला, तो तुलाच सांगते. पण ती अडाणी नाही. गोठ्याच्या भिंतीला तडा गेलेला आधी तिनंच पाहिला, आणि वासराला तिथून तिनंच हलवलं.

जेवणाच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही दोघी परातीत पीठ मळत होतो. गोड पावाचं पीठ, आठवतं ना, खांद्यातून मळावं लागतं. मधेच जमीन हलली. मी दाराकडे धावले. मागे वळून पाहिलं तर आई परातीला मिठी मारून उभी होती, बाळाला धरावं तशी.

‘दार उघडं ठेवून आलीस? वारा लागला तर पीठ बसेल,’ ती म्हणाली.

मी दार लावून परत आले आणि रडायलाच लागले. म्हटलं, ‘आई, तुला भीती वाटत नाही?’

‘वाटते की.’

‘मग झोपतेस कशी?’

‘भीती पण झोपते माझ्याशेजारी. तुझ्या बाबांपेक्षा कमी घोरते.’

‘थट्टा नको करूस.’

मग तिनं हात पुसले. ‘हे बघ तेल्मा, मला काही मोठं ठाऊक नाही. त्या दिवशी मागायचं राहून गेलं. मग आता मागून घ्यायची लाज वाटते. आणि मागितलंच नाही, तर त्यानं दिलं की नाही हे रोज उठून बघायचं तरी कशाला? मी आपलं जेवण घालायचं. बाकीचं त्याच्याकडे आहे. तोही काही बसून नसेल.’

एवढं बोलून तिनं माझ्या हातातला गोळा काढून घेतला, कारण मी त्यात रडत होते आणि मीठ मोजून घातलेलं होतं.

मावशी, पत्र काल इथं थांबवलं होतं. पुढचं तुझ्याबद्दल आहे आणि ते कसं लिहावं कळत नव्हतं. आज शुक्रवार. गाईंचं दूध काढून झालंय, बाबा दारात पाइप पेटवत बसलेत आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, ‘मला काय लिहिलंस?’ तुमचे नमस्कार लिहिले असं सांगितलंय. तर, बाबांचे नमस्कार.

शनिवारी वाटे निघाले. मांस, पाव आणि वाइन, गावातल्या प्रत्येक घराला. कुलूप असलेल्या घरांचे वाटे शेजाऱ्यांकडे ठेवले. सगळ्यात शेवटी आईनं एक वाटा स्वच्छ फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. ‘हा देओलिंदाच्या घरी ठेवून ये.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुझ्या घराच्या तीन भिंती उरल्यात. आत अंजिराचं झाड वाढलंय. बाबा म्हणाले, ‘ने, ने. दर वर्षी जातो तो. मी नेतो तेव्हा बकऱ्या वाटच बघत असतात.’

दर वर्षी, मावशी. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. आधी आजोबा ठेवायचे, मग आई पाठवू लागली. जेवण कुणाच्याही घरी असो, आमच्या घरून एक पाव तुझ्या उंबऱ्यावर जातो. तुला हे कुणी कळवलेलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं, बाबा तो नेहमी सकाळी गुरं सोडताना नेत म्हणून. आई म्हणते, कळवलं असतं तर तुला टोमणा वाटला असता.

तू का गेलीस ते आईनं मला त्याच दिवशी सांगितलं. आजवर एवढंच माहीत होतं की त्या जुन्या भूकंपात तुझं घर पडलं, एर्मिनियु काका गेले आणि तू एकटी उरलीस. हे माहीत नव्हतं की त्याच वसंतात आजोबांनी मुकुट घरी आणला आणि गावाला जेवू घातलं, आणि तू काळ्या कपड्यांत दारात उभं राहून म्हणालीस, ‘त्यानं आपलं काय राखलं, म्हणून आपण त्याचं राखायचं?’ आई तेव्हा शाळकरी मुलगी होती. तिच्या हातात सुपाचं पातेलं होतं. तुझा राग चुकीचा होता असं ती म्हणत नाही. ‘मला तेव्हा उत्तर आलं नाही, आणि आजही येत नाही,’ एवढंच म्हणाली. मलाही येत नाही. मी शिकलेली आहे, पण याचं उत्तर कुणी शिकवलेलं नाही.

वाटा घेऊन मी गेले. तुझ्या परसात सध्या विद्यापीठाचं एक यंत्र पुरलेलं आहे. जमिनीचं बारीकसारीक हलणं टिपायला त्यांना गाड्यांपासून, वस्तीपासून दूर अशी शांत जागा हवी होती. ते सांभाळायला रेनातु नावाचा एक इंजिनियर मुलगा येतो. (मनात काही आणू नकोस, त्याचं लग्न ठरलंय. आई आधीच विचारून बसली आहे.) तो तेव्हा तिथं नव्हता. मी उंबऱ्याच्या दगडावर पुडकं ठेवलं आणि परतले.

दुपारी रेनातु आमच्या दारात आला. हातात घडी केलेलं फडकं, कान लाल.

‘काकू, हे यंत्राजवळच्या उंबऱ्यावर होतं. मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी ठेवलंय. मांस तेवढं राहिलंय, कच्चं होतं म्हणून. बाकी... मी खाल्लं सगळं.’

‘पाव?’ आईनं विचारलं.

‘पाव खाल्ला.’

‘वाइन?’

‘थोडी. बरीच.’

आई तिथंच स्टुलावर बसली. मला वाटलं आता त्याला बोल बसणार. ती ॲप्रन तोंडाला लावून हसत होती की रडत होती, पहिल्यांदा कळलंच नाही. मग म्हणाली, ‘बेलार्मिनु, ऐकलंत का? देओलिंदाच्या घरी माणूस जेवला.’

बाबा गोठ्यातून म्हणाले, ‘बकऱ्यांचं कसं होणार आता?’

त्या संध्याकाळी जपमाळ संपून लोक पांगल्यावर मी मुकुटासमोर एकटी बसले. रोजची प्रार्थना सुरू केली. माझी प्रार्थना पत्रकासारखी होती, मुद्देसूद. उद्यापुरतं हलवू नकोस. निदान जेवण होईपर्यंत. निदान मुलं रस्त्यावर असतील तेवढा वेळ. मी म्हटलं, ‘उद्या आम्ही जेवू घालणार आहोत.’ आणि पुढचं वाक्य आलंच नाही. थांबून पाहिलं. तरी आलं नाही. खरंच दुसरं काही सांगायचं उरलं नव्हतं. खूप दिवस दोन्ही हातांनी एक दार दाबून धरलेलं असावं आणि कुणीतरी मागून म्हणावं, सोड, मी आहे इथे, तसं काहीसं वाटलं. तुझा त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून तुला पटवायला हे लिहीत नाही. झालं तसं सांगते आहे.

मग मी उठले, खोलीत गेले आणि बूट काढले. पाय पांढरे पडले होते, भिजवलेल्या बदामासारखे. पोतं घडी करून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. आईनं ते पाहिलं आणि नुसतं म्हणाली, ‘बरं झालं, पोतं हवंच होतं मला.’

रविवारी सकाळी बोट आली. आम्हाला वाटलं होतं, मूठभर लोक असतील. बंदराच्या धक्क्यावर उतरणारी माणसं संपता संपेनात. पलीकडे गेलेलं अर्धं गाव परत आलं होतं, एका दिवसापुरतं, चमचे-वाडगे पिशवीत घालून, कारण आमच्याकडे तेवढे नसणार हे त्यांना माहीत होतं. कुणालाही छपराखाली बसायचं नव्हतं, म्हणून टेबलं देवळापासून आमच्या दारापर्यंत रस्त्यावरच मांडली. बाबा म्हणाले, ‘यंदा छत आभाळाचं. पडलं तर सगळ्यांवर सारखंच पडेल.’

देवळातली मिस्सा-प्रार्थना झाल्यावर फादरनी विचारलं, मुकुट कुणाच्या डोक्यावर ठेवायचा? बहुतेक घरं एखाद्या लहान मुलीचं नाव देतात. आईनं जेनोवेवा आजीला पुढे केलं, तिच्या जन्मात तिला कधी तो मान मिळाला नव्हता म्हणून. आजी मुकुट घालून सगळा रस्ता मान ताठ ठेवून चालली आणि पुटपुटत राहिली, ‘आता हलवलंस तर बघ, आता हलवलंस तर बघ.’ तिच्यापुरती तिनं अट घालून घेतली.

त्यानं ती पाळली नाही. सूप वाढून झालं होतं, पावावर पुदिन्याची पानं होती, वाफ येत होती, आणि रस्ता हलला. फार मोठा नव्हता, पण चांगला. मावशी, त्या लांब टेबलावर काय झालं ते तू पाहायला हवं होतंस. कुणी उठलं नाही. सगळ्यांनी दोन्ही हातांनी आपापला वाडगा धरला, बोटीत धरतात तसा, आणि थांबले. लहान मुलांनी मोठ्यांकडे पाहिलं आणि त्यांनीही वाडगे धरले. मग थांबलं.

‘कितीचा होता रे?’ बाबांनी रेनातुला विचारलं.

रेनातुच्या तोंडात घास होता. तो म्हणाला, ‘जेवण झाल्यावर सांगतो.’

रस्ताभर हसू पसरत गेलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दोन वाडगे धरले होते. एक माझा आणि एक शेजारच्या पोराचा. दाराकडे धावले नव्हते.

जमीन अजून हलते आहे, हे लपवत नाही. सोमवारी बोट पुन्हा भरून गेली, पण सगळे गेले नाहीत. तीन घरांची कुलुपं निघाली. शाळेत पुन्हा अकरा मुलं आहेत.

आता तिकीट.

वीस तारखेचं विमान आहे आणि मी त्यात नसेन. हे वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली, कारण मला माहीत आहे तू खोली रंगवून घेतली आहेस. माझ्यासाठी तुझ्या जिवाला किती घोर आहे तेही माहीत आहे. तू एकदा ढिगारा पाहिला आहेस. तुझी भीती वेडी नाही, आणि मी काही शूर झालेले नाही. परवाच मांजरानं डबा पाडला आणि मी बाकाखाली होते, मुलं वर उभी. पण इथं माझं काम आहे आणि मला इथं झोप लागते. विमान कंपनीच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तारीख पुढे नेता येते. मी ती नाताळात नेली आहे. येईन, पण पाहुणी म्हणून. पळून आलेली म्हणून नाही. खोलीचा रंग तोवर वाळेल.

मी आईला विचारलं, मावशीला इकडे यायला लिहू का? तिनं हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग म्हणाली, ‘ये म्हणून लिहू नकोस. ती पण अटच होते. नुसतं लिही, तुझा वाटा ठेवला होता. आणि यंदा तो माणसानं खाल्ला.’

मग थोड्या वेळानं परत येऊन म्हणाली, ‘आणि अंजिरं ऑगस्टात पिकतात, तेही लिही. ते काही नवसात येत नाही.’

लिहिलं.

तुझा आशीर्वाद मागत, बूट पलंगाखाली ठेवून झोपणारी
तुझी भाची
तेल्मा